बांधावरची भाजी कुणाची?

जून संपता संपता पुण्याच्या आसपास रानभाजी रस्त्यावर येते. पौड रस्त्याच्या कडेला, कामशेत स्टेशनाबाहेर, मंचर-घोडेगावच्या बाजारात गोणपाटावर वाटे मांडलेले दिसतात. टाकळा, कुरडू, फोडशी, एखाद्या दिवशी शेवळं. गाडी थांबते, काच खाली होते, आणि वाट्याची किंमत ऐकून हमखास एक वाक्य येतं, “अहो, रानात फुकट तर उगवतं!”

उगवतं फुकटच. पण ते कुणाच्या जागेत उगवतं, हे विचारायचं राहून जातं. मुळशी, मावळ, भोर, वेल्ह्यातल्या कातकरी वाड्या घ्या किंवा खेड, आंबेगाव, जुन्नरच्या महादेव कोळी नि ठाकर वस्त्या घ्या. भाजी संपली असं तिथल्या बायका सहसा म्हणत नाहीत. “आता जाऊ देत नाहीत” असं म्हणतात. टाकळ्याला कसली आलीय टंचाई? पहिल्या पावसानंतर तो कुठंही माजतो. फक्त तो तारेच्या आत माजतो आणि खुडणारी तारेच्या बाहेर असते.

रानभाजी म्हटलं की शहरात घनदाट जंगल डोळ्यासमोर येतं. पावसाळ्याच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत ताटात पडणारी बरीचशी पालेभाजी मात्र जंगलातली नसतेच. टाकळा, कुरडू, घोळ, तांदुळजा, पाथरी यांना ऊन लागतं, हललेली माती लागते. भातखाचराचा बांध, पडीक, गायरान, उकिरड्याची कड ही त्यांची जागा; गर्द सावलीत त्या येतच नाहीत. फोडशी उताराच्या गवतात, भारंगी नि दिंडा रानाच्या कडेच्या झुडपांत. चाई, शेवळं आणि कंद तेवढे झाडीतले. म्हणजे एका कुटुंबाच्या पावसाळ्यासाठी तीन मालकांची जमीन लागते: खातेदाराचा सात-बारा, गावाचं गायरान आणि वनखात्याचं रान. बहुतेक कातकऱ्यांपाशी यातली एकही नाही. कित्येक वाड्या उभ्या आहेत ती जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर आहे.

पूर्वी हे चालून जायचं, कारण बांधावरचं तण कुणी खुडून नेलं तर शेतकऱ्याला बरंच वाटायचं. ही रीत होती, आणि रीत सात-बाऱ्यावर चढत नाही. जमीन विकली गेली, प्लॉटिंग झालं, तारेचं कुंपण नि वॉचमन आला, की नव्या मालकाला या रितीशी देणंघेणं उरत नाही. त्याच्या दृष्टीनं टोपली घेऊन आत आलेली बाई म्हणजे चोर. पुण्याच्या नळाला येणारं पाणी पानशेत, वरसगाव, टेमघरच्या ज्या दऱ्यांत साठतं, तिथली तळाची खाचरं नि ओढ्याकाठची रानं आधीच पाण्याखाली गेली. आता काठावरची घरं जलाशयाचा देखावा विकतात. खुडायला मधला पट्टा उरला, तोही उतारावरचा.

कुंपण निदान दिसतं. तणनाशक दिसत नाही, आणि ते जास्त घातक. बांधावर ग्लायफोसेट मारलं तर झाड त्याच दिवशी मरत नाही. औषध पानातून मुळापर्यंत उतरतं, पान पिवळं पडायला आठवडाभर लागतो, ढगाळ-थंड हवेत त्याहूनही जास्त. तेवढे दिवस टाकळा हिरवागार, कोवळा, खुडायजोगा दिसतो. वासावरून कळत नाही, आणि घरी धुतल्यानं पानाच्या आत गेलेलं निघत नाही. जाणत्या बायका म्हणून दोन गोष्टी बघतात: बांधावर फवाऱ्याच्या पट्ट्यात शेंडे मलूल झालेत का, आणि गवत एका सरळ रेषेत फिकट होत चाललंय का. शंका आली तर तो बांध त्या हंगामापुरता सोडायचा. सोयाबीनच्या रानात तर उगवणीनंतरच्या फवारणीनं तांदुळजा, घोळ, कुरडू हेच आधी मारायचे असतात. मजुरी परवडत नाही म्हणून शेतकरी फवारतो, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण निंदणीला येणारी बाई संध्याकाळी ओच्यात भाजी घेऊन जायची, ती मजुरीही गेली आणि भाजीही.

आता झाडीतल्या भाज्यांकडे. इथं ज्ञान जास्त लागतं आणि परवानगीही. शेवळाचं बघा. पावसाच्या तोंडाशी, पान यायच्या आधी, जमिनीतून सरळ दांडा वर येतो, त्यावर जांभळट-तपकिरी खोळ गुंडाळलेली. तोच खुडायचा. घरी आणल्यावर हाताला तेल किंवा आमसुलाचं पाणी चोळून बाहेरची खोळ सोलायची, आतल्या दांड्याचा पिवळा दाणेदार भाग कापून टाकायचा आणि उरलेलं बारीक चिरायचं. खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांनी. ते जिभेत नि घशात रुततात. म्हणून शेवळाबरोबर काकड नावाच्या रानझाडाची आंबट फळं विकायला असतात. त्यांचा रस काढून त्यात शेवळं शिजवायची. काकडं नसली तर चिंच किंवा आमसूल, आणि नेहमीच्या भाजीच्या दुप्पट वेळ मंद आंच. पुण्यात शेवळं फसतात ती आंबटात नि वेळेत हात आखडल्यामुळे. चव बिघडेल म्हणून चिंच कमी घातली जाते, कुकरची एक शिट्टी पुरे असं वाटतं, आणि मग घरादाराचा घसा धरतो. खुडणारीला यात एकच पथ्य: दांडा जमिनीच्या वर तोडायचा, खालचा कंद हलवायचा नाही. एका जागेवरचे सगळे दांडे काढले तर बी धरत नाही, म्हणून थोडे ठेवायचे.

चाईचा वेल ओळखायला सोपा वाटतो आणि तिथंच घात होतो. चाईच्या एका देठावर तीन ते पाच पर्णिका, म्हणजे छोटी पानं, असतात, खोडाला बुडाशी काटे. याच कुळात तीन पर्णिकांचा एक विषारी कंदही आहे, त्यालाही काटे. नुसती तीन-तीन पानं दिसली की जाणतं माणूस हात लावत नाही; त्याच वेलावर पाच पर्णिकांची पानं सापडेपर्यंत वर-खाली बघतं. चाईचे कोवळे शेंडे पावसाच्या सुरुवातीला खातात, आणि श्रावण-भाद्रपदात मोहर. हा मोहर नरवेलाचा. तो काढल्यानं मादीवेलाच्या बियांना धक्का लागत नाही आणि कंदही शाबूत राहतो, म्हणजे वेलाचं फारसं न बिघडवता मिळणारी भाजी. मोहर देठावरून ओरबाडून, झटकून किडे काढायचे, कांदा-लसणावर परतायचा. भरलेल्या टोपलीची भाजी वाटीभर होते, त्यामुळे बाजारात तिचा वाटा महाग वाटतो.

सगळ्यांत अवघड कडूकंद. वेल दिवाळीनंतर वाळून जातो, म्हणजे कंद खणायच्या वेळी वर खूण काही नसते. पावसाळ्यात वेल कुठं होता ते लक्षात ठेवावं लागतं. पहारीनं हात-दीड हात खणून कंद काढला की डोळ्यांचा, म्हणजे फुटव्याचा तुकडा परत खड्ड्यात ठेवून माती लोटायची. पुढच्या वर्षीची सोय. मग साल काढून कंदाच्या पातळ चकत्या, कागदासारख्या नव्हे पण बोटाच्या निम्म्याहून कमी जाडीच्या. त्या राख घातलेल्या पाण्यात उकळायच्या, पाणी टाकून द्यायचं आणि चकत्या टोपलीत भरून रात्रभर वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. सकाळी एक चकती जिभेवर ठेवून बघतात. कडू लागली तर पुन्हा उकळ, पुन्हा ओढा. चकती जाड राहिली तर आतला कडवटपणा निघत नाही, साठलेल्या पाण्यात ठेवली तर निघालेला परत मुरतो. घाई केली की मळमळ, उलटी ठरलेली.

यातला ओढा विसरू नका. कंद खायचा तर कंदापर्यंतची वाट, खणायची मोकळीक, दोनदा उकळण्याइतकं सरपण आणि माघ-फाल्गुनात वाहतं पाणी, एवढं सगळं हाताशी हवं. ओढा बोअरवेलींनी आटला किंवा वरच्या अंगाला फार्महाऊसवाल्यानं अडवला, तर कंद जमिनीत असून नसल्यासारखा. रानभाज्यांच्या याद्या करताना हे सुटतं: यादीत झाडाचं नाव येतं, त्याला खाण्याजोगं करणारं पाणी येत नाही.

परवानगीचं काय? कायदा आदिवासींच्या बाजूनं लिहिलेला आहे, आणि बराच स्पष्ट लिहिलेला आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपज (लाकूड सोडून रानातून मिळणारी उपज) गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा हक्क मानला. गौण वनउपजाच्या व्याख्येत वनौषधी, मुळं, कंद असे शब्दच आहेत. त्यासाठी गाव राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी भाग म्हणून जाहीर झालेल्या अनुसूचित क्षेत्रात, असावं लागत नाही. हा मुद्दा पुणे जिल्ह्यात फार महत्त्वाचा, कारण इथं अनुसूचित क्षेत्र आहे ते आंबेगाव नि जुन्नर तालुक्यांतल्या काही गावांपुरतं. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा तेवढ्यातच चालतो. मुळशी-भोरच्या कातकऱ्याला पेसा लागू नाही, पण वनहक्क कायदा लागू आहे. “तुमचं गाव पेसात नाही” असं सांगून वनहक्काचा सामूहिक दावाच घेतला नाही, तर ते उत्तर चुकीचं.

अभयारण्यातही हा हक्क संपत नाही. १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्यात फिरताना मात्र ऐकायला मिळतं ते वेगळं: घरी खायला न्या, विकायला नाही. हे कानावर येतं ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातून. त्यात अभयारण्यातलं वनउपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतं, व्यापारासाठी नाही, असं म्हटलं आहे. वनहक्क कायदा त्यानंतरचा आहे आणि तो अभयारण्यांनाही लागू आहे. पण चौकीवर उभ्या बाईला दोन कायद्यांतला क्रम समजावून सांगता येत नाही. तिच्या हातात मंजूर दाव्याचा कागद असला तर बोलणं मिटतं, नसला तर टोपली उतरते. हातात पहार असली की आणखी पंचाईत, कारण खणणं लांबून गुन्ह्यासारखंच दिसतं.

म्हणून दावा नीट भरणं ही रानभाजीची पहिली पायरी. व्यक्तिगत शेतीसाठी दाव्याच्या अर्जाचा नमुना ‘अ’, सामूहिक हक्कांसाठी ‘ब’ आणि सामूहिक वनसंपत्तीच्या क्षेत्रासाठी ‘क’. भाजीसाठी ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही लागतात: पहिल्यानं गोळा करायचा हक्क मिळतो, दुसऱ्यानं ते रान राखायचा. पुरावे किमान दोन जोडायचे. नियमांत पुराव्यांची जी यादी आहे तिच्यात मुळं, कंद, चारा, रानफळं गोळा करण्याच्या पारंपरिक जागा हा पुरावा म्हणून मोजलेला आहे. दावेकरी नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही चालतो. म्हणजे ज्या आजीला कडूकंदाच्या जागा तोंडपाठ आहेत, तिचं बोलणं हाच दस्तऐवज. तिला घेऊन रान चालायचं, प्रत्येक जागेचं स्थानिक नाव, कोणती भाजी, कोणता भाग, कोणता महिना हे लिहायचं, आणि नकाशावर खूण करायची. हे काम एका ऋतूत होत नाही, कारण शेवळाची जागा जूनमध्ये दिसते आणि चाईच्या मोहराची श्रावण-भाद्रपदात.

बिघडतं कुठं? कागद भरायला बसतात पुरुष, आणि लिहिलं जातं ते ज्याला व्यापारी आहे ते: हिरडा, मध, डिंक. पालेभाजी ‘त्यात काय लिहायचं’ म्हणून राहून जाते. ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची हजेरी आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात, असा नियम आहे. सह्या होतात, तोंडं उघडत नाहीत. मोठ्या मिश्र गावात कातकरी वाडीचे हात तर मोजण्याइतकेच. माझं मत विचाराल तर दाव्याच्या यादीचं काम सरळ बायकांच्या बैठकीत, वाडीवरच, संध्याकाळी व्हावं आणि ते तसंच्या तसं ग्रामसभेत वाचून मंजूर करून घ्यावं. लिहून नसलेल्या गोष्टीचं काय होतं ते ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दिसलं. हिरड्याला बाजार आहे, हिशेब आहे, तरी जुन्नर-आंबेगावच्या हिरडा गोळा करणाऱ्यांना भरपाईसाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. भाजीचं नुकसान तर कुणी मांडलंसुद्धा नाही.

शहराच्या बाजूनं पाहिलं तर चित्र उलटं. पुण्यात रानभाज्यांना दिवस चांगले आले आहेत. ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ तारखेच्या आसपास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. हेतू उत्तम, तारीख अडचणीची. तोवर टाकळा फुलावर आलेला, फोडशी निबर, शेवळं कधीच संपलेली. स्टॉल भरायचा म्हणून निबर टाकळा आणावा लागतो, आणि पहिल्यांदा खाणारा म्हणतो, कडूच असते का ही? त्या दिवसांतली खरी भाजी चाईचा मोहर, करटोली, भारंगीची फुलं. भारंगीची फुलं उकळून, पिळून, पाणी दोनदा टाकून भिजवलेल्या वालाबरोबर केली की कडूपणा बेताचा राहतो. जून-जुलैच्या भाज्यांसाठी वेगळे, छोटे बाजार लागतील, आठवड्याला एक असे.

विकणाऱ्या बाईचा हिशेबही मांडून बघावा. पहाटे खुडायचं, निवडायचं, जुड्या बांधायच्या, आणि एसटी गाठायची. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, ही मोठी मदत. तरी दिवस जातो, आणि भाजी संध्याकाळपर्यंतच टिकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरली तर वाफ धरून दुपारीच काळी पडते. पळसाच्या किंवा सागाच्या पानांत, ओल्या गोणपाटात ठेवली तर तग धरते. उरलेला वाटा परत नेण्यात अर्थ नसतो, म्हणून चारनंतर पडत्या भावात जातो. चारनंतर जाऊन घासाघीस करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

मग लावूनच का घेऊ नये? काही भाज्यांचं जमतं. करटोलीचा वेल कंदातून दरवर्षी फुटतो, पण नर आणि मादी वेल वेगळे असतात, आणि बियांपासून केलेल्या रोपाचं लिंग फूल येईपर्यंत कळत नाही. म्हणून कंद लावायचे, दहा मादीवेलांमागे एक नर ठेवायचा. सगळे नर काढून टाकले तर फळ धरत नाही, ही हमखास होणारी चूक. फळ हिरवं, बिया मऊ असताना तोडायचं. पण करटोली परसात लावायला परस लागतं, आणि वाडीवर ते नसतं. शिवाय जी भाजी लागवडीत यशस्वी होते ती लवकरच बागायतदाराची होते. फोडशीच्या कुळातल्या सफेद मुसळीचं काय झालं ते बघा: पानं खाणाऱ्यांनी विळ्यानं वरून कापली, मुळांच्या व्यापारानं ती झाडं उपटून नेली. पान कापलं तर पुढच्या पावसात फुटतं, मूळ गेलं की संपलं.

घेणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी सांभाळाव्यात. फोटोवरून ओळखून स्वतः खुडायला निघू नये. टाकळ्यासारखाच दिसणारा कासविंदा त्याच कडेला उगवतो. टाकळ्याच्या पर्णिकांच्या सहसा तीन जोड्या, टोकं गोलसर, तर कासविंद्याच्या जोड्या जास्त नि टोकं अणकुचीदार. त्याच्या शेंगांमधल्या बिया लहान मुलांना विषारी ठरतात. खात्री करायची असेल तर कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात मोठं वनस्पतिसंग्रहालय आहे. पण सोपा मार्ग म्हणजे विकणारीलाच विचारणं: कुठून आणली, कशी शिजवू, सोबत काय घालू. सांगते ती. आणि महामार्गाच्या कडेची नि नाल्याकाठची भाजी कितीही तजेलदार दिसली तरी नको.

राहता राहिला बांध. वनहक्काचा कागद बांधाला लागू होत नाही, तिथं गावाला आपसांतच ठरवावं लागतं. शेताच्या कडेचा हातभर पट्टा गणपतीपर्यंत फवारायचा नाही आणि खुडायला येणारीला अडवायचं नाही, एवढा ठराव कुठल्याही ग्रामसभेला करता येईल. पिकाला त्यानं फारसा धोका नाही. गणपतीपर्यंत टाकळा फुला-शेंगांवर आलेला असतो, खाणाऱ्यांच्या कामाचा उरत नाही; मग शेतकऱ्यानं तो खुशाल कापावा. पुढच्या वर्षीची चिंता नको, बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं.